डॅन्यूबवर डोंबिवलीकर

रेडिओवर मला बहुतेक वेळा गझलेबद्दल बोलायला बोलावतात. आजचा विषय वेगळा आहे आणि तो मी मागून घेतला आहे. आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात हल्ली लग्नकार्यात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात, अगदी लोकलमध्येसुद्धा एक प्रश्न हमखास कानावर पडतो, 'युरोप झालं का?' ज्यांचं झालेलं असतं त्यांचा पुढचा प्रश्न असतो, 'आता ती नदीतली क्रूझ करावी म्हणतो. खाण्यापिण्याचं कसं असतं हो तिथे?' मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नावर. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तीन जोडपी जर्मनीतल्या पासाऊ गावी बोटीत चढलो आणि डॅन्यूब नदीतून सात रात्रींचा प्रवास करून हंगेरीतल्या बुडापेस्टला उतरलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रुप टूरमध्ये पॅरिसला सीन नदीत तासभर फिरवतात, किंवा जर्मनीत ऱ्हाईनवर बोपार्डहून सांक्ट गोआरपर्यंत नेतात, ती वेगळी क्रूझ. तिथे फोटो काढायचे, उतरायचं आणि बसने भारतीय हॉटेलात जेवायला जायचं. केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली कंपनी सुरू केली, त्याआधीपासून 'राजा-राणी'ही होती. अशा कंपन्यांनी मराठी माणसाला परदेशात संध्याकाळी वरण-भात मिळण्याची खात्री दिली आणि म्हणूनच आपल्या आईवडिलांच्या पिढीने युरोप पाहिला, हे मी मनापासून मानतो. मोठ्या क्रूझमध्ये ही खात्री संपते. सात दिवस तुमचं हॉटेल, तुमचं स्वयंपाकघर आणि तुमची खोली पाण्यावर एकत्र चाललेली असते, आणि ते स्वयंपाकघर त्यांचं असतं. अख्खी बोट भारतीय कंपनीने घेतली असेल आणि आपला आचारी सोबत असेल तर गोष्ट निराळी. आम्ही गेलो ती बोट तशी नव्हती.

या बोटी समुद्रातल्या जहाजांसारख्या अवाढव्य नसतात. नदीवर जागोजागी धरणं आहेत आणि बोटींना वरखाली करायला दरवाजांचे हौद बांधलेले आहेत. त्यातले काही बारा मीटरच रुंद, म्हणून बोट साडेअकरा मीटरच्या आसपास. लांबी मोठ्यात मोठी एकशे पस्तीस मीटर, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलच्या साधारण निम्मी. माणसं दीडशे-पावणेदोनशे. भोजनगृह एकच, रात्रीच्या जेवणाची वेळ एकच, आणि टेबलं बहुधा राखीव नसतात. जिथे बसाल तिथे. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आमच्या सहा जणांचं ऐका. डोंबिवलीचे अण्णा आणि वहिनी शाकाहारी, अंडंही नाही, पण अण्णांना रात्री पेलाभर वाईन चालते. ठाण्याच्या नौपाड्यातलं जोडपं जैन, त्यांना कांदा, लसूण, बटाटा काही नको. आम्ही नवराबायको कल्याणचे कोकणी मुसलमान. मासळी म्हटली की जीव टाकतो, पण डुक्कर नाही, दारू नाही आणि हलाल नसेल तर मटण-कोंबडीही नाही. सहा माणसं आणि नकारांच्या तीन याद्या! घर भाड्याने देताना 'नॉनव्हेजवाले नकोत' हे ज्या गावांत सहज बोललं जातं आणि माझं आडनाव ऐकल्यावर पुढचं बोलणंच जिथे थांबतं, तिथली आम्ही माणसं. नौपाड्यातल्या या जोडप्याशी आमची वीस वर्षांची ओळख, पण एका पंक्तीला आम्ही कधी बसलो नव्हतो. बोटीवर सात दिवस एकवीस वेळा बसलो. भोजनगृह एकच होतं.

आता कामाच्या गोष्टी. आपल्याला काय चालत नाही ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, निदान दीड-दोन महिने आधी. सामान बोटीवर ठरावीक गावांतच चढतं, ऐन वेळी आचारी तुमच्यासाठी काही आणू शकत नाही. आणि 'व्हेज' एवढाच शब्द लिहू नका. तिकडे मांसाचा तुकडा दिसला नाही की पदार्थ शाकाहारी समजण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. भाज्यांचं सूप हाडांच्या पाण्यात शिजतं, बटाट्याच्या कोशिंबिरीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे कण असतात. त्याला ते 'श्पेक' म्हणतात आणि मिठासारखं भुरभुरवतात. थरथरत्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं, सॉसमध्ये वाईन असते. म्हणून यादी करा, 'मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा रस्सा नाही, जिलेटिन नाही', असं एकेक लिहा. जैनांनी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट अशी नावं लिहावीत. 'जैन फूड' हे शब्द तिथे कुणाला कळतील याचा भरवसा नाही.

बोटीवर चढलात की पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला गाठा आणि कागदाची प्रत त्याच्या हातात द्या. आमच्याकडे वाढणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. मी 'हलाल' म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, 'इथलं चिकन मीही खात नाही, मासे खातो. तुम्हालाही मासे देतो.' मासळीला हलालचा प्रश्न नाही, म्हणून आम्ही आठवडाभर नदीतला झांडर, ट्राऊट आणि कधी समुद्रातला सामन खाल्ला. झांडर पांढरा, काट्यांना कमी आणि चवीला सौम्य. आमच्या सौभाग्यवतीचं मत असं, की मासा उत्तम आहे, फक्त त्याला अजून कुणी आगळ दाखवलेलं नाही. एकदा टोमॅटोच्या सूपबद्दल वहिनींना शंका आली. त्या मुलाने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, 'मॅडम, कोंबडीचं पाणी आहे.' विचारायला लाजू नका. विचारलेलं त्यांना आवडतं, ताटात टाकून उठलेलं आवडत नाही.

जर्मन आणि ऑस्ट्रियन भागात उपयोगी पडणारे चार शब्द सांगतो. 'ओन' म्हणजे शिवाय. 'ओन फ्लाइश', मांसाशिवाय. 'ओन आय', अंड्याशिवाय. 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'रिंड' म्हणजे गाय-बैल, 'काल्ब' म्हणजे वासरू. व्हिएन्नाचं प्रसिद्ध 'वीनर श्निट्झेल' वासराचंच असतं आणि स्वस्त हॉटेलात तसलंच दिसणारं डुकराचं. गाय न खाणारा आणि डुक्कर न खाणारा, दोघांनीही तिथे सावध राहायला हवं. हंगेरीत 'हूश नेल्क्यूल' म्हणजे मांसाशिवाय. तिथे 'लांगोश' नावाची तळलेली मोठी पुरी मिळते, वर लसूण, चीज आणि आंबट साय. अण्णा तिला भटुऱ्याचा मावसभाऊ म्हणाले. पण ती तेलात तळली की डुकराच्या चरबीत ते विचारा. 'ओलाय' म्हणजे तेल, 'झीर' म्हणजे चरबी.

सोबत काय न्यावं? सुका चिवडा, खाकरे, चटण्या, मेतकूट. तुपाची बरणी, पेढे, पनीर, खवा मात्र नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. खोलीत कुकर किंवा शेगडी लावायचा विचारही करू नका, बोटीवर आगीचं भय सगळ्यात मोठं. आणि माझं स्पष्ट मत सांगतो. खोलीत बसून खाकरे खाण्यासाठी लाखो रुपये खर्चून एवढ्या लांब जाऊ नये. नौपाड्यातल्या वहिनी पहिल्या रात्री तसंच करणार होत्या. 'तुम्ही लोक काय काय मागवाल, मला बघवायचं नाही,' म्हणाल्या. माझी बायको त्यांना म्हणाली, 'ताई, तुम्हाला न बघवणारं आम्हीही खात नाही इथे. या तर खरं.' त्या आल्या. त्या रात्री त्यांना वाफवलेली फरसबी, भात आणि भाजलेला भोपळा मिळाला, माझ्या ताटात मासा होता. त्यांनी खुर्ची थोडी तिरकी केली, एवढंच. तिसऱ्या दिवशी खुर्ची सरळ झाली. परत आल्यावर ते आमच्याकडे जेवायला आले का, असं मला कुणी कुणी विचारतं. अजून नाही. चहाला मात्र आले, दोनदा.

आता वाईनचं. बऱ्याच बोटींवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाईन आणि बिअर भाड्यातच धरलेली असते, बाकी वेळी बारमध्ये घ्याल तर पैसे पडतात. ठरावीक रकमेत वाटेल तेवढं पिण्याचं पॅकेजही विकतात. न पिणाऱ्याला ते फुकट जातं आणि थोडं पिणाऱ्यालाही बहुधा परवडत नाही, तेव्हा सही करण्याआधी करार वाचा. रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

मी स्वतः पीत नाही. त्यामुळे चवीचं जे सांगतो ते अण्णांच्या जिभेवरून. मेल्क आणि क्रेम्स या गावांमध्ये वाखाऊ नावाचं खोरं आहे, २००० साली जागतिक वारसा ठरलेलं. दोन्ही काठांवर दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षबागा, आपल्या डोंगरउतारावरच्या नाचणीच्या शेतांसारख्या. तिथे पांढरी वाईन होते, 'ग्र्यूनर फेल्टलिनर' आणि 'रीसलिंग' या द्राक्षांची. वाखाऊवाल्यांनी तिचे तीन दर्जे केले आहेत. 'श्टाइनफेडर' हलकी, 'फेडरश्पील' मधली, आणि 'स्मारग्द' भारी, साडेबारा टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोलची. स्मारग्द हे तिथल्या बांधांवर ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्याचं नाव. बाटलीवर 'ट्रोकन' लिहिलं असेल तर वाईन गोड नसते. चाखायला नेतात तिथे तोंडात घोळवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि थुंकणं असभ्य मानत नाहीत. अण्णा म्हणाले, 'कविराज, पैसे दिलेत हो, थुंकायचं कशाला?' चौथ्या पेल्यानंतर ड्यूर्नस्टाइनच्या पायऱ्या उतरताना त्यांना उत्तर मिळालं. दोन पेल्यांवर थांबावं, हा माझा न पिणाऱ्याचा सल्ला.

न पिणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑस्ट्रियात 'श्टुर्म' नावाचं पेय सगळीकडे मिळतं. गढूळ, गोड, अगदी उसाच्या रसासारखं दिसणारं. तो रस नसतो, आंबत असलेली नवी वाईन असते आणि चढते. साधा द्राक्षरस हवा असेल तर 'ट्राउबनझाफ्ट' मागा. वाखाऊत जर्दाळू भरपूर पिकतात, त्यांचा रस उत्तम असतो. एल्डर नावाच्या झाडाच्या फुलांचं सरबत सोड्यात घालून देतात, तेही छान. पण ज्या काचेच्या ग्लासातून वाईन देतात त्याच ग्लासातून मागा. सगळ्यांनी पेले उचलले की आपणही उचलावा. पेल्यात काय आहे हे कुणी बघत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत मात्र बघायचं, ती तिकडची रीत आहे. वाढणारा बाटली घेऊन आला की पेल्यावर तळहात ठेवायचा, तेवढं पुरतं. आपण का पीत नाही यावर व्याख्यान देण्याची गरज नाही आणि खोटं पोटाचं दुखणं सांगण्याचीही नाही. आमच्यातले काही लोक 'डॉक्टरने मना केलंय' म्हणतात, ते मला पटत नाही.

टेबलावरच्या एका डच गृहस्थाला मी कवी असल्याचं कळलं तेव्हा त्याने विचारलं, 'खय्यामच्या भाषेच्या नात्यातले ना तुम्ही? मग दारूशिवाय कविता कशी होते?' हा प्रश्न मला डोंबिवलीतही विचारतात. माधव जूलियनांनी खय्याम मराठीत आणला तेव्हापासून आपल्याला साकी आणि पेला यांची ओळख आहे. मी त्या गृहस्थाला उर्दूतल्या रियाज खैराबादी यांचं सांगितलं. त्यांनी जन्मभर मद्यावर शेर लिहिले आणि थेंबही कधी चाखला नाही, असं त्यांच्याबद्दल सांगतात. आणि आणखी एक सांगितलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रीक पुस्तकात आमच्या कल्याण बंदराचं नाव आहे आणि आमच्या वरच्या अंगाला असलेल्या भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची वाईन आहे. तुमची दारू आमच्या किनाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेली, आम्ही ती बघून ठेवली आहे. तो खूप हसला आणि त्याने मला जर्दाळूचा रस पाजला.

पाण्याचंही सांगायला हवं, कारण आपण ठाणे जिल्ह्यातली माणसं पाण्याबद्दल हळवी आहोत. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. बाटल्या विकत घेऊ नका, नळावर भरून घ्या.

सहलींबद्दल थोडक्यात. गावातून पायी फिरवण्याची सहल बहुतेक वेळा भाड्यातच असते. साल्झबुर्ग, व्हिएन्नातली संगीताची मैफल, हंगेरीतले घोड्यांचे खेळ यांचे पैसे वेगळे पडतात. सगळ्या घेऊ नका, दोन निवडा. पासाऊला आणि मेल्कला मार्गदर्शकाबरोबर जा. पासाऊच्या कॅथेड्रलमध्ये जवळजवळ अठरा हजार नळ्यांचा ऑर्गन आहे आणि तीन नद्यांचा संगम आहे. तिथल्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. ३ जून २०१३ ला पाणी बारा मीटर नव्वद सेंटिमीटरच्या जवळ गेलं होतं, पाचशे वर्षांतलं सर्वांत जास्त. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात घेतलेली आम्ही माणसं त्या भिंतीपाशी इतरांपेक्षा जास्त वेळ उभी राहिलो. हे नुसतं बघण्यापुरतं नाही. पाणी फार वाढलं की बोट पुलाखालून जात नाही, फार आटलं की तळाला लागते. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत, २०२४ च्या सप्टेंबरातल्या पुरात कितीतरी प्रवाशांना बोटीऐवजी बसने जावं लागलं. करारात कंपनीला ती मुभा असते. म्हणून विमा घ्या आणि त्यात हे कलम आहे का ते बघा.

व्हिएन्नात स्वतः फिरा. बोटी राइशस्ब्र्यूक पुलाजवळ लागतात, तिथून भूमिगत रेल्वेची यू-एक ही लाइन थेट मध्यवस्तीत, श्टेफान्सप्लात्झला जाते. हलाल जेवण हवं असेल तर ओटाक्रिंग भागातल्या ब्रुनेनमार्क्टला जा, तुर्की हॉटेलांची रांग आहे. शुक्रवार असेल तर डॅन्यूबच्या पलीकडच्या काठाला १९७९ साली बांधलेली मशीद आहे. ऑस्ट्रियाने इस्लामला कायद्याने मान्यता १९१२ सालीच दिली, हे मला तिथे गेल्यावर कळलं. बुटांचे तळ मऊ आणि जाड असू द्या, सगळे रस्ते गोल दगडांचे. बोटीचं कार्ड आणि ती कुठल्या धक्क्याला लागली आहे त्याचा कागद खिशात ठेवा. बोट कुणासाठी थांबत नाही, हे आठ-तेराची लोकल पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. क्रूझ पुढे बेलग्रेडपर्यंत जाणार असेल तर सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे, परतीच्या प्रवेशासाठी व्हिसा एकाहून अधिक वेळचा लागतो. बक्षिसी म्हणून माणशी रोज दहा-पंधरा युरो सुचवतात, ती रक्कम आधीच हिशेबात धरा.

बुडापेस्टला पोचल्यावर बोट रात्रभर तिथेच होती. संसदेची रोषणाई सगळे बघतात, तुम्हीही बघालच. मी एक जास्तीची जागा सांगतो, ती आमच्या कुठल्याही सहलीत नव्हती. मार्गिट पुलाच्या बुडाकडच्या टोकाला चार किंवा सहा नंबरच्या ट्रामने उतरायचं आणि गुलबाबाच्या गल्लीने वर चढायचं. चढ उभा आहे, पण हाजीमलंगच्या पायऱ्या चढलेल्या कल्याणकराला तो चढ वाटणार नाही. वर अष्टकोनी कबर आहे. गुलबाबा हा तुर्की दरवेश. १५४१ साली सुलतान सुलेमानने बुडा घेतलं तेव्हा तो सोबत होता आणि तिथेच वारला. जनाज्याला सुलतानाने स्वतः खांदा दिला असं सांगतात. हंगेरीत गुलाब त्याने आणले अशीही आख्यायिका आहे, त्या टेकडीचं नावच गुलाबांची टेकडी. तुर्क १६८६ मध्ये गेले. कबर राहिली आणि मिरची राहिली. तुर्कांच्या काळात आलेली तीच मिरची आज 'पाप्रिका' म्हणून हंगेरीचं निशाण झाली आहे, जशी पोर्तुगीजांबरोबर आलेली आपली बेडगी.

मी फातिहा पढत होतो तेव्हा अण्णा दाराशी चपला सांभाळत उभे होते. वहिनी बागेत गुलाबाची नावं वाचत होत्या. नौपाड्यातली मंडळी पोचायला थोडा उशीर झाला, त्यांना खाली एका दुकानात तेलात तळलेला लांगोश मिळाला होता, लसणाशिवाय. सहा तुकडे करून आणला होता त्यांनी, कागदात गुंडाळून.